टेबलाचा पाय का हलतो? हाताने केलेला साल-कुसूचा जोड आणि त्याचा हिशेब

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण टेबलाचे चार पाय आणि त्यांना जोडणाऱ्या चार पट्ट्या हाताने कशा जोडायच्या ते बघितलं. व्हिडिओत हात दिसतात, पण मापं आणि हिशेब डोक्यात राहत नाहीत. म्हणून हा लेख. फर्निचरचं छोटं दुकान टाकायचा विचार करणाऱ्यांनी तो शेवटपर्यंत वाचा, कारण अर्धा भाग लाकडाचा आहे आणि अर्धा पैशाचा.

आधी मुद्दा सांगून टाकतो. सागवानाच्या टेबलात सगळ्यात महाग असतं लाकूड, आणि सगळ्यात स्वस्त असतो जोड. तरीही काटकसर करायची म्हटली की लोक पहिली कात्री जोडालाच लावतात. खाली आकडे मांडून दाखवतो की ही काटकसर धंद्याला किती महाग पडते.

लाकूड आपलं, टेबल कोणाचं?

आपण लाखनीत राहतो. गडेगावचा लाकूड डेपो आपल्याच तालुक्यात. पूर्व विदर्भाचं सागवान देशभर नावाजलेलं आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं ते बल्लारपूरहून. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीही सागवान नागपूरहून घेतलं गेलं. म्हणजे मालाबद्दल शंकाच नाही.

पण आपल्या बाजारपेठेत फेरफटका मारून बघा. तयार टेबलं कशाची दिसतात? भुशाच्या दाबीव पाट्यांची, लोखंडी पायांची, डब्यात सुटी येऊन चार स्क्रूवर उभी राहणारी. ओंडका इथून बाहेर जातो आणि टेबल बाहेरून इथे येतं. मधली जी कमाई आहे, म्हणजे लाकडाला आकार देण्याची मजुरी आणि नफा, ती दुसरीकडे राहते. ही कमाई इथेच ठेवायची असेल तर डब्यातल्या टेबलाशी किमतीत भांडून चालणार नाही, तिथे आपण हरणारच. आपल्याला जमण्यासारखी आणि त्यांना न जमणारी गोष्ट एकच: वीस-तीस वर्षं न हलणारा पाय.

पाय हलतो म्हणजे नेमकं काय होतं?

टेबलावरचं वजन सरळ खाली जातं. ते सोसायला कुठलाही पाय पुरतो. पाय खिळखिळा होतो तो बाजूच्या धक्क्याने. टेबल ओढलं, पोरगं रेलून बसलं, झाडताना सरकवलं, की तीस इंच लांबीचा पाय पहारीसारखं काम करतो आणि सगळा जोर वरच्या जोडावर येतो.

आता तिथे स्क्रू असेल तर काय होतं बघा. पट्टीच्या टोकात स्क्रू घातला की तो लाकडाच्या धाग्यांच्या दिशेने आत जातो. गवताच्या पेंढीत वरून काडी खोचल्यासारखं ते असतं. पकड कमी. प्रत्येक धक्क्याला भोक केसभर मोठं होतं. वर्षभराने तुम्ही स्क्रू आवळता, तो फिरतच राहतो.

आपल्या जुन्या लोकांना हे पक्कं माहीत होतं. घरातली बाज आठवा. खुराला चौकोनी भोक, त्यात काठीचं तासलेलं टोक, आणि वरून सुंभाची वीण. ना खिळा ना डिंक. त्यावर तीन पिढ्या झोपल्या. बंडीच्या चाकाचे आरे मधल्या तुंब्यात बसतात तेही असेच. दाराची चौकट तशीच. या जोडाला मराठीत साल-कुसू म्हणतात. आपल्याकडचे वाढई चूल-साल असंही म्हणतात. चौकोनी भोक म्हणजे साल, आणि त्यात बसणारी जीभ म्हणजे कुसू. या लेखात सोपं जावं म्हणून मी 'भोक' आणि 'कुसू' हेच दोन शब्द वापरतो.

या जोडात तीन गोष्टी एकत्र काम करतात. कुसवाचे दोन्ही गाल भोकाच्या भिंतींना चिकटतात. कुसवाभोवतीचा पट्टीचा 'खांदा' पायाला टेकून धक्का अडवतो. आणि पट्टीची उंची जितकी जास्त, तितका पायाला आधार जास्त. म्हणून चार इंच उंच पट्टी दोन इंची पट्टीपेक्षा फार पुढे असते.

कोणतं टेबल, काय मापं?

उदाहरणासाठी मुलांचं अभ्यासाचं टेबल घेऊ. नव्या माणसाने सुरुवात यानेच करावी. मागणी कायम असते आणि मापं आटोपशीर आहेत. हिशेब इंच आणि सुतात देतो, कारण आपल्या आरा मशीनवर आणि कारागिरांच्या तोंडी तेच आहे. एका इंचात ८ सूत.

- वरची फळी: ४८ × २४ इंच, जाडी १ इंच
- टेबलाची एकूण उंची: ३० इंच
- पाय: तयार माप २ इंच २ सूत चौरस (म्हणजे १८ सूत), लांबी २९ इंच
- आडव्या पट्ट्या: ४ इंच उंच, १ इंच जाड
- कुसू: ३ सूत जाड, ३ इंच रुंद, दीड इंच लांब

फळी चारही बाजूंनी २ इंच बाहेर ठेवली तर सांगाडा ४४ × २० इंचांचा होतो. दोन पायांमधलं अंतर लांबीकडे साडेएकोणचाळीस इंच आणि रुंदीकडे साडेपंधरा इंच. त्यात दोन्ही टोकांचे दीड-दीड इंच कुसू मिळवा. म्हणजे लांब पट्टी साडेबेचाळीस इंच आणि आखूड पट्टी साडेअठरा इंच.

कुसवाची जाडी ३ सूत का? जुना ठोकताळा आहे की पट्टीच्या जाडीचा तिसरा हिस्सा. ८ सुतांचा तिसरा हिस्सा पावणेतीन सूत होतो, आणि पटाशी ३ सुतांची सहज मिळते. कुसू जाड केलं तर भोकाच्या भिंती पातळ होऊन पाय चिरतो. बारीक केलं तर कुसूच मोडतं.

लाकूड घेताना

डेपोत लिलाव ओंडक्यांच्या लॉटचा होतो आणि हिशेब घनमीटरचा. आरा मशीनवर घनफुटाचा. १ घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, हे पाठ करून ठेवा, नाहीतर भावाची तुलनाच होणार नाही. शिवाय ओंडका चिरल्यावर पाठी, भुसा, गाभ्याजवळचा चिरलेला भाग वजा होतो, म्हणून ओंडक्याचा भाव आणि चिरलेल्या मालाचा भाव एका तराजूत घालू नका. सुरुवातीला पूर्ण लॉट परवडत नाही. तीन-चार जण मिळून घ्या किंवा चिरलेला माल घ्या. काही झालं तरी बिल आणि वाहतूक परवाना मागून घ्या आणि जपून ठेवा. 'ओळखीतला माल आहे, कागद कशाला' असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. बिनकागदाचं सागवान दुकानात ठेवणं म्हणजे धंदा टांगणीला लावणं.

पायासाठी धागा सरळ हवा. गाठ असलेला तुकडा फळीत चालेल, पायात नाही. ओंडक्याच्या टोकाकडून बघितलं की वर्तुळाच्या रेषा दिसतात. त्या रेषा पायाच्या चौकोनात तिरप्या, कोपऱ्यातून कोपऱ्याकडे जाताना दिसल्या तर तो तुकडा पायासाठी उत्तम, कारण चारही बाजूंना धागा सारखा दिसतो.

दुसरी गोष्ट ओलावा. आपल्याकडे मे महिन्यात हवा किती कोरडी होते आणि जुलै-ऑगस्टमध्ये धानाच्या बांध्या भरल्या की किती दमट, हे मी सांगायला नको. लाकूड या हवेबरोबर फुगतं आणि आकसतं. सागवान तसं गुणी लाकूड. ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत ते वर्तुळाच्या आडव्या दिशेत अडीच टक्क्यांच्या आसपास आणि वर्तुळाच्या रेषेच्या दिशेत पाच-सहा टक्के आकसतं. लांबीत जवळपास नाहीच. म्हणून ओल्या लाकडात केलेला जोड कितीही घट्ट असला तरी पुढच्या उन्हाळ्यात सैल होणारच.

ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर साधा उपाय: लाकूड सावलीत, मध्ये पट्ट्या ठेवून, हवा खेळेल असं रचा. त्यातला एक तुकडा दर आठवड्याला किराणा दुकानातल्या काट्यावर तोला आणि लिहून ठेवा. तीन-चार आठवडे वजन हललं नाही की लाकूड तयार.

हत्यारं

फार काही लागत नाही. रंधा, बारीक दातांची करवत, ३ सुतांची जाड पटाशी, एक रुंद पटाशी, लाकडी मोगरी, गुण्या, खतकस, धारदार चाकू आणि धार लावायचा दगड. दोन-तीन लांब क्लॅम्प. बस.

एकच आग्रह धरतो: धार. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, दाबते. भोकाच्या कडा फाटतात, आणि हात सुटून जखम होते ती बहुतेक वेळा बोथट हत्यारानेच, कारण आपण जोर जास्त लावतो. रोज सकाळी पंधरा मिनिटं दगडावर. पटाशीच्या धारेचा कोन २५ ते ३० अंश.

आता काम: पायाला भोकं

भोक आधी, कुसू नंतर. हा क्रम उलटवू नका. भोकाची रुंदी पटाशी ठरवते, ती नंतर बदलत नाही. कुसू मात्र रंध्याने-पटाशीने केसभर कमी करता येतं.

१. पाय रंधून चौरस करा. गुण्या लावून चारही बाजू तपासा. लांबी मात्र अजून कापू नका. वरच्या टोकाला एक इंच जादा ठेवा. भोक वरच्या टोकाजवळ पाडताना पाय चिरण्याची भीती असते, तो जादा इंच ती चिरणी सोसतो. जोड पूर्ण झाल्यावर तो कापून टाकायचा.

२. चारही पाय एकत्र क्लॅम्पमध्ये धरा आणि उंचीच्या खुणा चौघांवर एकदमच मारा. पायाच्या तयार टोकापासून ६ सूत खाली भोक सुरू, आणि पावणेचार इंचांवर भोक संपलं. म्हणजे भोकाची लांबी बरोबर ३ इंच. एकेक पाय वेगळा मोजाल तर चार पायांचे चार हिशेब होतील.

३. चारही पायांच्या डोक्यावर खडूने खूण करा: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. भोकं फक्त आतल्या दोन बाजूंना येतात. हे न लिहिता काम केलं की दोन पाय एकाच हाताचे होतात आणि लाकूड वाया जातं.

४. खतकसने भोकाच्या दोन रेषा ओढा. पट्टी पायाच्या बाहेरच्या बाजूपासून २ सूत आत ठेवायची आहे. कुसू पट्टीच्या मधोमध. म्हणून भोक बाहेरच्या बाजूपासून साडेचार सुतांवर सुरू होतं आणि साडेसात सुतांवर संपतं. खतकस एकदाच लावा आणि आठही भोकांच्या रेषा त्याच मापाने ओढा, प्रत्येक वेळी बाहेरची बाजू धरून.

५. पटाशी मोगरीने ठोका. सुरुवात भोकाच्या मधून, मग दोन्ही टोकांकडे. टोकाच्या रेषेपासून अर्धा सूत आत थांबा, कारण चिपा उचकटताना पटाशी त्या कडेवर टेकते आणि कड दबते. खोली पुरी झाली की शेवटी तो अर्धा सूत सरळ उभ्या पटाशीने काढा. खोली १३ सूत, म्हणजे कुसवापेक्षा एक सूत जास्त. ती जागा डिंकाला लागते. पटाशीवर १३ सुतांवर चिकटपट्टी लावा, दर वेळी मोजायला नको.

एकाच पायात दोन भोकं आतमध्ये एकमेकांना भेटतात. घाबरू नका, ते असंच असतं. म्हणूनच कुसवाची टोकं ४५ अंशांत तिरपी छाटायची, म्हणजे दोन्ही पट्ट्यांची कुसवं आत एकमेकांना न अडवता पूर्ण लांबी वापरतात.

कुसू कापणं

खांद्याची रेषा पेन्सिलने नको, चाकूने मारा. पेन्सिलची रेषा जाड असते, चाकूची रेषा म्हणजे कापच असतो. पट्टीच्या चारही बाजूंना गुण्या लावून रेषा फिरवा. शेवट सुरुवातीला येऊन मिळाला पाहिजे. नाही मिळाला तर पट्टी चौरस नाही. परत रंध्याकडे जा.

आधी गाल कापा. करवत नेहमी टाकाऊ भागात चालवा, रेषा शिल्लक राहिली पाहिजे. एका कोपऱ्यातून तिरपं, मग पट्टी फिरवून दुसऱ्या कोपऱ्यातून तिरपं, आणि शेवटी सरळ खाली. अशाने करवत भरकटत नाही. मग खांदे कापा. मग वरून ६ सूत आणि खालून २ सूत कमी करा, म्हणजे चार इंच पट्टीत ३ इंच कुसू उरतं. वरचे ते ६ सूत का सोडायचे? तिथेही भोक पाडलं तर ते पायाच्या टोकाला उघडं पडेल आणि पाय वरून फाटेल.

आता बसवून बघा. कुसू हाताने अर्धं आत जावं आणि उरलेलं मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी. हाताने पूर्ण गेलं तर सैल. जोरात ठोकावं लागलं तर पाय चिरेल. पट्टी उचलली तर पाय लटकून राहिला पाहिजे, पडता कामा नये. सैल झालंच तर गालावर त्याच लाकडाची पातळ पट्टी चिकटवा, सुकू द्या, परत तासा. भुसा आणि डिंकाचं मिश्रण भरू नका, ते दिसायला भरतं पण धरत नाही.

जोडणी

आधी सगळं कोरडंच जोडून बघा. दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे तर चौकट काटकोनात. मग आखूड बाजूच्या दोन जोड्या डिंक लावून क्लॅम्प करा, रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी लांब पट्ट्या. आठही जोड एकदम करायला गेलं की डिंक सुकायला लागतो आणि माणूस गडबडतो.

एका जोडात गालांचा डिंक लागणारा भाग ३ × १.५ इंच, दोन बाजूंनी, म्हणजे ९ चौरस इंच. आठ जोडांचे ७२ चौरस इंच. चार स्क्रूंच्या टेबलाशी याची तुलना ग्राहकाला तोंडाने सांगा, त्याला लगेच कळते.

आणखी पक्कं हवं असेल तर खुंटी. पायातून आरपार न जाता कुसवापलीकडे पोहोचेल असं भोक पाडा. कुसवातलं भोक मात्र खांद्याच्या दिशेने अर्धा सूत सरकवून पाडा. मग सुक्या बांबूची किंवा सागवानाची खुंटी टोक निमुळतं करून ठोका. भोकं किंचित सरकलेली असल्याने खुंटी कुसवाला आत ओढते आणि खांदा पायाला घट्ट बसतो. डिंक उद्या थकला तरी खुंटी धरून ठेवते.

पाय खाली निमुळते करायचे असतील तर फक्त आतल्या दोन बाजू तासा, पट्टीच्या एक इंच खालून सुरू करून तळाशी दीड इंचांपर्यंत. बाहेरच्या बाजू सरळच ठेवा. टेबल हलकं दिसतं आणि जोडाच्या जागी लाकूड पूर्ण राहतं.

वरची फळी स्क्रूने करकचून आवळू नका. चोवीस इंच रुंद सागवानाची फळी आपल्या उन्हाळा-पावसाळ्यात एक ते दोन सूत आत-बाहेर होते. तिला जागा नाही दिली तर ती एकतर चिरते किंवा पायांचे जोड ताणते. पट्टीच्या आतल्या बाजूला खाच पाडा, त्यात लाकडाची छोटी बटणं अडकवा आणि बटण फळीला स्क्रूने बांधा. फळी सरकते, पण उचलली जात नाही.

पैशाचा हिशेब

आता कागद-पेन घ्या. कच्च्या मापाने लाकूड काढू: पाय २.५ × २.५ × ३१ इंच, चार नग. पट्ट्या ४.५ × १.२५ इंच, ४४ इंचाच्या दोन आणि २० इंचाच्या दोन. फळी ५० × २५ × १.२५ इंच. सगळं मिळून ३,०५७ घन इंच. १,७२८ ने भागा, पावणेदोन घनफुटांपेक्षा जरा जास्त. त्यावर २० टक्के वाया धरा, म्हणजे २.१ घनफूट.

खालचे दर मी हिशेब समजावा म्हणून धरलेत. तुमच्या गावचे दर तुम्ही घाला.

- लाकूड: २.१ घनफूट × ३,५०० = ७,३५० रुपये
- मजुरी: २२ तास × १०० = २,२०० रुपये
- डिंक, पॉलिश पेपर, पॉलिश: ९०० रुपये
- जागा, वीज, हत्यारांची झीज: ६०० रुपये
- पोहोचवणं: ४०० रुपये
- एकूण खर्च: ११,४५० रुपये
- २० टक्के नफा: २,२९० रुपये
- विक्री: १३,७४० रुपये

बावीस तासांची फोड अशी: रंधणं आणि तयारी ६, आठ जोड ६, फळी ४, जोडणी २, घासणं-पॉलिश ४. ही सरावलेल्या हाताची वेळ आहे. नवशिक्याला आठ जोडांनाच दोन दिवस लागतात, आणि ते ठीक आहे.

आता स्क्रू मारून टेबल केलं तर किती वाचतं? जोडाचे ६ तास जाऊन १ तास येतो. म्हणजे ५ तास, ५०० रुपये. विक्रीच्या किमतीच्या ४ टक्क्यांपेक्षा कमी! आणि तो पाय हलायला लागून टेबल दुरुस्तीला परत आलं तर? आणणं-नेणं ८०० रुपये, एक दिवस मजुरी ८०० रुपये. २,२९० च्या नफ्यातले १,६०० गेले. शिवाय त्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते टेबल तुमच्याबद्दल काय सांगतं, त्याचा आकडा कुठल्याच वहीत बसत नाही.

इथे एक सवय बदलावी लागेल. गावगाड्यात सुतार बलुतेदार होता. वर्षभर नांगर-वखर, बंडी दुरुस्त करायचा आणि खळ्यावर धान मिळायचं. प्रत्येक जोडाचा वेगळा भाव लावायची पद्धतच नव्हती. बलुतं गेलं, पण 'मजुरी काय मागायची' हा संकोच अजून आपल्या कारागिरांत आहे. लाकडाचा भाव ठणकावून सांगतात आणि मजुरीला 'द्या काय द्यायचं ते'. असं चालणार नाही. तास लिहा, दर ठरवा, बिलात मजुरीची ओळ वेगळी दाखवा.

विकायचं कसं?

जोड आत लपलेला असतो, ग्राहकाला दिसत नाही. म्हणून तो दाखवावा लागतो. दुकानात एक नमुना ठेवा: पायाचा तुकडा आणि पट्टीचा तुकडा, डिंक न लावता. ग्राहकाच्या हातात द्या, त्याला स्वतः बसवू आणि काढू द्या. पाच मिनिटांच्या भाषणापेक्षा हे भारी पडतं. काम चालू असताना त्याच्याच टेबलाच्या जोडाचे फोटो त्याला पाठवा. आणि लेखी द्या: 'पाय हलला तर पाच वर्षं दुरुस्ती मोफत.' जोड नीट असेल तर या कागदाचा खर्च शून्याजवळ आहे.

ग्राहक कोण? अभ्यासाची टेबलं घेणारे पालक, घर बांधून झालेले नोकरदार, नागझिऱ्याच्या आसपासचे होमस्टे आणि रिसॉर्ट, आणि महामार्गाने दीड-दोन तासांवर असलेलं नागपूर. होमस्टेवाल्यांना एकसारखी सहा-आठ टेबलं लागतात. तिथे एकदा खतकस लावून सगळ्यांची भोकं पाडली की वेळ चांगलाच वाचतो.

भांडवलासाठी पीएम विश्वकर्मा योजना बघा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ कारागिरींसाठी आहे आणि त्यात सुतारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाखापर्यंत, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. अट लक्षात घ्या: हाताने आणि हत्याराने हे काम प्रत्यक्ष करणाऱ्यासाठी ती आहे, आणि एका कुटुंबातल्या एकालाच मिळते. नोंदणी सेवा केंद्रातून होते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

या आठवड्याचं काम

टेबल करायला घेऊ नका. आरा मशीनवरून टाकाऊ सागवानाचे किंवा बाभळीचे दोन तुकडे आणा आणि एकच जोड करा. डिंक न लावता बसवा आणि पट्टी धरून उचला. पाय लटकला तर पुढचा जोड करा. पडला तर कुठे सैल आहे ते शोधा, बहुतेक वेळा गाल रेषेच्या आत कापला गेलेला असतो. असे दहा जोड झाले की प्रत्येकाला किती मिनिटं लागली ते वहीत लिहा. दहाव्याची वेळ पहिल्याच्या शेजारी ठेवून बघा. तुमच्या टेबलाची किंमत ठरवायला तोच आकडा लागणार आहे.

पुढच्या व्हिडिओत वरची फळी: तीन-चार पाट्या जोडून एक रुंद फळी कशी करायची, आणि ती वाकू नये म्हणून धागे कसे लावायचे. तोवर पटाशीला धार लावून ठेवा.